चाकांवरच्या घरातला विजेचा हिशेब

जुनी व्हॅन किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, पलंग-ओटा बसवायचा, छतावर सौर पॅनेल टाकायची आणि कुटुंबासह निघायचे, ही हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. अशा गाडीला कॅम्पर व्हॅन किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. नाव नवे असले तरी चाकांवरचे घर खान्देशला नवे नाही. मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणारी संत मुक्ताबाईंची पालखी महिनाभराहून अधिक काळ वाटेवर असते आणि दिंडीच्या मागे चालणारा ट्रक हा तेवढ्या दिवसांचा संसारच असतो. तमाशाचे फड, सारंगखेड्याच्या यात्रेला येणारे व्यापारी, नर्मदा परिक्रमेला गाडीने निघणारी मंडळी, सगळ्यांचा मुक्काम गाडीत असतो. २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थालाही अशा गाड्या मोठ्या संख्येने निघतील.

पूर्वी या गाड्यांत एक कंदील आणि फार तर एक बॅटरी असे. आता पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, झोपेत श्वासासाठी लावायचे सीपॅप यंत्र आणि नेब्युलायझर असे सगळे त्यात येते. या वायरिंगबद्दल डॉक्टरने का लिहावे? कारण ती चुकली की माणूस गॅरेजमध्ये नाही, आमच्याकडे येतो. कधी भाजून, कधी शॉक लागून, कधी विषारी वायूने बेशुद्ध होऊन, तर कधी खराब झालेले इन्सुलिन घेऊन साखर पाचशेवर गेल्यामुळे. यातली बहुतेक संकटे गाडी निघण्यापूर्वी एका कागदावर टाळता येतात. तो कागद कसा तयार करायचा, ते पाहू.

आधी माणसे मोजा, मग बॅटरी

बहुतेक लोक सुरुवात दुकानातून करतात. दुकानदार विचारतो, ‘किती एएचची बॅटरी देऊ?’ आणि खिशाला परवडेल ती घेतली जाते. क्रम उलटा हवा. गाडीत कोण झोपणार, त्यांच्यापैकी कोणाला कोणते औषध थंड ठेवावे लागते, कोणाला रात्री कोणते यंत्र लागते, हे आधी लिहा. पंखा एक रात्र बंद पडला तर घाम येईल. सीपॅप बंद पडले किंवा इन्सुलिन तापले तर प्रश्न वेगळा होतो. म्हणून यादीचे दोन भाग करा. पहिल्या भागात ‘बंद पडून चालणार नाही’ अशा गोष्टी, दुसऱ्यात ‘बंद पडल्या तरी चालेल’ अशा. पहिल्या भागाला वेगळी लाइन आणि वेगळा फ्यूज द्यायचा, म्हणजे मिक्सरने घोटाळा केला तरी आजोबांचे यंत्र चालू राहते.

आता हिशेब. महावितरणच्या बिलात आपण ज्याला एक युनिट म्हणतो ते म्हणजे १००० वॅट-तास. उपकरणाचे वॅट गुणिले ते किती तास चालते, एवढेच गणित आहे. जळगावचे चौघांचे एक कुटुंब धरू: नवरा-बायको, मधुमेह असलेली आई आणि सीपॅप लावून झोपणारे वडील.

बारा व्होल्टवर चालणारे, प्रत्येकी २५ वॅटचे दोन पंखे दहा तास चालले तर ५०० वॅट-तास. पाच वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास, ७५. चार मोबाइल, ६०. लहान कंप्रेसरचा बारा व्होल्टचा फ्रिज चालू असताना ५० वॅट घेतो आणि साधारण अर्धा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ६००. सीपॅप सरासरी ४० वॅट, आठ तासांचे ३२०. नेब्युलायझर १२० वॅटचा, दहा-दहा मिनिटे दोनदा, ४०. पाण्याचा छोटा पंप, २५. बेरीज १६२० होते. तारांत आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज म्हणून वीस टक्के वाढवा. आकडा येतो साधारण १९५०, म्हणजे दिवसाला दोन युनिट. घरी एवढ्यात एक एसी दोन-तीन तासही चालत नाही.

या कागदावरच काही निर्णय होऊन जातात. सीपॅपचा वाफारा देणारा हीटर चालू ठेवला तर त्याची वीज दुप्पट होऊ शकते. प्रवासात तो बंद ठेवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. अनेक सीपॅप यंत्रांना थेट बॅटरीवर चालणारा अडॅप्टर मिळतो. तो घेतला तर मधला इन्व्हर्टर आणि त्यातला तोटा वाचतो. एक टनाचा एसी मात्र रात्रभर चालवायचा तर एकट्याला पाच-सहा युनिट लागतील. म्हणजे संपूर्ण कुटुंबाच्या गरजेच्या तिप्पट. तो बाहेरच्या विजेवरच चालवायची वस्तू आहे. घरी वापरायचा पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तीनशे-साडेतीनशे वॅट घेतो. चोवीस तासांचे सात-आठ युनिट झाले. अशा रुग्णाला बॅटरीच्या भरवशावर रानात मुक्कामाला नेऊ नये. प्रवास अटळ असेल तर मुक्काम खात्रीची वीज असलेल्या ठिकाणी ठेवावा आणि सोबत सिलिंडर किती, कसा घ्यायचा हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

बॅटरी किती आणि कोणती?

बॅटरीवर लिहिलेली सगळी वीज वापरता येत नाही. १२ व्होल्ट १०० एएच म्हणजे १२०० वॅट-तास. पण आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते तशी लेड-अॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणजे हातात सहाशेच. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते. आपल्या कुटुंबाच्या दोन युनिटांसाठी १०० एएचच्या अशा दोन बॅटऱ्या पुरतात आणि दोन्हींचे मिळून वजन पंचवीस किलोच्या आसपास राहते. तेवढ्याच गरजेला लेड-अॅसिडच्या १५० एएचच्या दोन बॅटऱ्याही कमी पडतात. तीन घ्याव्या लागतात आणि वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. हे वजन गाडीच्या ब्रेकवर आणि टायरवर पडते.

किमतीपेक्षाही एक मुद्दा आरोग्याचा आहे. उघड्या झाकणांची लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. बॅटरी जादा चार्ज झाली तर सडक्या अंड्यासारख्या वासाचा, फुप्फुसांना घातक असा हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. खड्ड्यात गाडी आदळली तर आम्ल सांडते. म्हणून घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून पलंगाखाली ठेवणे हा सोपा वाटणारा, पण चुकीचा मार्ग आहे. लेड-अॅसिडच घ्यायची असेल तर ती झोपण्याच्या जागेपासून बंदिस्त आणि बाहेर हवा जाणाऱ्या पेटीत, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवावी. आम्ल डोळ्यांत उडाले तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवत राहणे आणि मग दवाखाना, हा क्रम पाळावा.

खान्देशचे ऊन हा बॅटरीचा मोठा शत्रू. जळगाव-भुसावळचा मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात बंद उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरपेक्षा वीसेक अंशांनी अधिक तापते, म्हणजे आत साठ-पासष्ट. लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीला जवळपास निम्मे होते. लिथियम बॅटरीही साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात. म्हणून बॅटरी इंजिनापासून लांब, गाडीच्या तळाशी, सावलीच्या बाजूला आणि हवा खेळेल अशी ठेवावी. चार्जिंग रोखणारी संरक्षक यंत्रणा, म्हणजे बीएमएस, असलेलीच लिथियम बॅटरी घ्यावी. मोबाइल किंवा जुन्या सायकलींचे सेल जुळवून घरगुती ‘पॅक’ बनवून देणारे आता गल्लोगल्ली भेटतात. ज्या गाडीत लहान मुले झोपतात, तिथे असला पॅक नको.

बॅटरी भरायची कशी?

ऊन बॅटरीला मारते, पण तेच तिला भरतेही. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याच धुळे जिल्ह्यात उभा आहे, तो इथल्या उन्हाच्या जोरावरच. गाडीच्या छतावर ४०० वॅटची पॅनेल बसली, तर पाच तास चांगल्या उन्हाचे धरून आणि तोटे वजा करून दिवसाला सुमारे १४०० वॅट-तास मिळतात. तोटे का? कारण पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. आपल्याकडे छतावरचे पॅनेल सत्तर अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे पंधराएक टक्के तिथेच गेले. पॅनेल पत्र्याला चिकटवू नये. खाली तीन-चार बोटे मोकळी जागा ठेवली तर हवा वाहते, पॅनेलही थंड राहते आणि आत झोपलेल्यांच्या डोक्यावर सावली होते.

उरलेली वीज गाडी चालताना इंजिनाच्या अल्टरनेटरकडून घ्यायची. लिथियम बॅटरी भुकेल्यासारखी वीज ओढते, त्यामुळे ती थेट जोडली तर अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. ३० अँपिअरचा चार्जर असेल तर दीड तासाच्या प्रवासात आपला उरलेला साडेपाचशे वॅट-तासांचा हिशेब पूर्ण होतो. हाच चार्जर गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवतो. रात्रभर पंखे चालवले म्हणून सकाळी गाडी सुरूच होत नाही, ही वेळ त्यामुळे येत नाही. रानात, मोबाइलची रेंज नसलेल्या जागी, रुग्ण सोबत असताना हे किती महत्त्वाचे आहे ते सांगायला नको.

बारा व्होल्टला जाड तार का लागते?

घरात वायरिंग करणारा कुशल माणूसही इथे फसतो, कारण त्याचा हात २३० व्होल्टला बसलेला असतो. एक हजार वॅटला २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही प्रवाह लागत नाही. तेच हजार वॅट बारा व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे काढायचे तर तोटा धरून जवळजवळ शंभर अँपिअर ओढले जातात. तार तापते ती प्रवाहाने. घरच्या वायरिंगची तार इथे शेगडीच्या कॉइलसारखी लाल होईल. इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी जवळ ठेवावा आणि मधली केबल २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची, शक्य तेवढी आखूड असावी.

लहान उपकरणांतही हा नियम लागतो. फ्रिजसाठी दहा अँपिअर क्षमतेची लाइन पाच मीटर लांब नेली आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर पूर्ण भाराला जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट वाटेतच गळतात. २३० व्होल्टमध्ये हे कळणारही नाही; बारा व्होल्टमध्ये ते सहा टक्के झाले. पहाटे बॅटरी उतरू लागली की फ्रिजला व्होल्टेज कमी पडते आणि तो स्वतःहून बंद होतो. सगळे झोपलेले असतात. सकाळपर्यंत आईचे इन्सुलिन कोमट झालेले असते. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर हाच तोटा ०.३ व्होल्टच्या आत येतो. फरक काही शे रुपयांचा.

तार शुद्ध तांब्याची आणि अनेक बारीक तंतूंची हवी, कारण गाडी सतत थरथरते आणि एकसंध जाड तार त्या थरथरीने तुटते. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा तांब्याच्या नावाने मिळतात. टोक खरवडून पाहिले तर आतली पांढरी धातू दिसते. जोड पिळून टेप मारू नये. योग्य मापाचे लग घेऊन पक्क्याने दाबून बसवावेत. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. तो नसेल तर पत्र्याची धार सहा महिन्यांत प्लास्टिक कापते आणि मग ठिणगी.

फ्यूजची जागा

सगळ्या आकृतीत जीव वाचवणारी वस्तू एकच, आणि ती काही रुपयांची असते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत बसवावा. कारण फ्यूजच्या पुढच्या तारेचेच तो संरक्षण करतो. तार घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात हजारो अँपिअर ओतू शकते. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार जेवढी लांब, तेवढा भाग बिनसंरक्षणाचा राहतो. फ्यूजचा आकडा तारेच्या क्षमतेवरून ठरतो, उपकरणावरून नाही. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणे.

घरचा साधा एमसीबी बॅटरीच्या बाजूला वापरू नये. आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबी उघडताना पडणारी ठिणगी विझते. बॅटरीचा प्रवाह कधीच शून्यावर येत नाही. तिथे ठिणगी पेटतीच राहू शकते. ‘डीसी’साठी बनवलेलाच ब्रेकर किंवा फ्यूज घ्यावा. शिवाय हात सहज पोचेल अशा जागी एक मोठा मुख्य स्विच हवा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, माहीत हवे.

बारा व्होल्टने शॉक बसत नाही, हे खरे. पण भाजते. पाना धन टोकावर असताना हातातली अंगठी गाडीच्या पत्र्याला टेकली की सोने क्षणात लाल होते आणि बोटाभोवती खोल भाजते. ती सूज चढल्यावर कापूनच काढावी लागते. अंगठी, घड्याळ, कडे, बांगड्या, गळ्यातली साखळी काढल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये आणि काम करताना ऋण टोक आधी सोडवावे, शेवटी जोडावे.

बाहेरची वीज आणि ओली जमीन

धर्मशाळा, पेट्रोल पंप, ढाबा, नातेवाइकांचे अंगण. मुक्कामाला आपण प्लग लावतो आणि इथून खेळ २३० व्होल्टचा होतो. गाडी रबरी टायरवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. कुठे एखादी तार पत्र्याला लागली आणि त्या ठिकाणचे अर्थिंग नावालाच असले, तर संपूर्ण गाडीचा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्याला काही जाणवत नाही. पावसात अनवाणी उभा राहून दाराची कडी धरणारा माणूस मात्र वीज जमिनीत जाण्याची वाट बनतो. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या अंगाचा हजारच्या आसपास उतरतो. म्हणजे शरीरातून दोनशे मिलीअँपिअरहून अधिक प्रवाह. पन्नास ते शंभर मिलीअँपिअरमध्येच हृदय ठोके सोडून नुसते थरथरू लागते आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो.

यावरचा उपाय म्हणजे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत एवढा फरक पडला की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडतो. गाडीत वीज शिरते तिथेच तो बसवावा आणि महिन्यातून एकदा त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे. इथे एक बारकावा आहे. अनेक इन्व्हर्टरांचा न्यूट्रल गाडीच्या पत्र्याशी जोडलेला नसतो. तसे असेल तर इन्व्हर्टरवर चालताना हा आरसीसीबी काम करत नाही. शिवाय इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज एकाच वेळी एका लाइनवर कधीही येऊ नयेत. मध्ये चेंजओव्हर स्विच हवा. हे दोन जोड परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावेत. मुक्कामाला आधी प्लग लावायचा, मग टेस्टरने गाडीचा पत्रा तपासायचा, मगच मुलांना खाली उतरू द्यायचे, ही सवय लावून घ्यावी. दिंडीच्या ट्रकांवर मोबाइल चार्जिंगचे फळे लटकलेले असतात, खाली चिखल असतो; तिथेही हाच आरसीसीबी हवा.

कोणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य स्विच किंवा प्लग काढा. जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. माणूस उठून बसला तरी ईसीजी काढल्याशिवाय पुढचा प्रवास नको.

न दिसणारा वायू

सगळ्यात जास्त जीव घेणारी चूक मात्र तारेत नसते. बॅटरी कमी पडते म्हणून लोक जनरेटर घेतात, आणि तिथे खरा धोका सुरू होतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला, असे तपासात निष्पन्न झाले. गाडी चांगली होती, माणसे धडधाकट होती.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग झोप येते. आपल्याकडे ही लक्षणे उन्हाळ्यात ‘ऊन लागले’ म्हणून आणि यात्रेत ‘जेवण बाधले’ म्हणून सोडून दिली जातात. ओळखायची खूण ही, की गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत आले की बरे वाटते. करोनानंतर घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर इथे दगा देते. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. माणूस बेशुद्धीकडे चाललेला असतो आणि आकडा ९८ दाखवतो.

जनरेटर गाडीत, गाडीखाली किंवा दारा-खिडकीजवळ कधीही नको. झोपताना तर तो बंदच हवा. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. आणि आपल्याकडे हिवाळाही विसरू नये. धुळ्याचा पारा जानेवारीत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. परिक्रमेला निघणारी मंडळी याच दिवसांत बाहेर असतात आणि थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून कोळशाची शेगडी आत घेतात. त्या शेगडीतून तोच वायू निघतो. जाड गोधडी आणि चिमूटभर उघडी खिडकी हा अधिक सुरक्षित उपाय आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीला लावावा. संशय आला तर सगळ्यांना बाहेर काढा, १०८ बोलवा आणि डॉक्टरांना ‘जनरेटर चालू होता’ किंवा ‘शेगडी होती’ हे आवर्जून सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर दीड तासाच्या आत. ते एक वाक्य उपचाराची दिशा ठरवते.

जी वीज लागतच नाही, ती सगळ्यात स्वस्त

हिशेबाचा कागद पुन्हा हातात घ्या. फ्रिज सहाशे वॅट-तास खातो, मे महिन्यात नऊशे. तो केवळ इन्सुलिनसाठी असेल तर गरजच आहे का, हे पाहा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन मात्र बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली महिनाभर चालते. नेमकी मुदत वेष्टनावर असते. आपल्या कोरड्या हवेत ओल्या फडक्यातला मातीचा माठ किंवा पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी एका रात्रीच्या मुक्कामाला छान काम देते. बाटली आधी प्लास्टिकच्या डबीत ठेवावी. फ्रिज असेलच तर बाटली बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी फेकूनच द्यावे.

पंख्याचेही तसेच. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंग थंड करत नाही, गरम हवाच अंगावर मारतो. ओला पंचा अंगावर घेऊन पंखा लावला तर उपयोग होतो. त्याहून चांगले म्हणजे दुपारी झाडाखाली उभे राहणे, छताला पांढरा रंग देणे आणि मे महिन्यात सपाटीवर फिरण्याऐवजी तोरणमाळसारखी उंच जागा गाठणे. म्हातारी माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर हा निर्णय बॅटरीच्या आकाराहून मोठा आहे.

गाडीत असे बदल करण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी लागते, आणि विम्याचा प्रश्न आला की तीच कामी येते. वायरिंग झाल्यावर सगळ्या तारांचा नकाशा कागदावर काढून गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बॅटरीने किंवा सिलिंडरने दार अडणार नाही, हे पाहा. आग लागली तर बाहेर पडायला एकच मिनिट असते. अग्निशामक दाराजवळ ठेवा. आणि पहिला मुक्काम दूरच्या रानात नको, आपल्याच अंगणात करा. रात्रभर सगळी उपकरणे चालवा, फ्यूज आणि लग हाताला गरम लागतात का पाहा, पहाटे पाचला फ्रिज आणि सीपॅप चालू आहे का बघा. अंगणातल्या त्या रात्री काही बिघडले तर मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडे असतो. सातपुड्याच्या पायथ्याला तसे नसते.